पाठकोरे कागद

१

"बांधा तोच आहे. पाठमोरी उभी राहिली तर कुणाला कळायचंसुद्धा नाही."

वेलिकाबाई हे नवऱ्याला स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगत होत्या, आणि दाराबाहेर त्यांची सून रालित्सा ओल्या कागदांनी भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी धरून उभी होती. हात मोकळे असते तर तिनं आधी दार वाजवलं असतं. ते नव्हते, म्हणून ऐकलं.

लग्नाला चार महिने झाले होते. तेवढ्यात तिच्या हातच्या भाजीची चव, तिचं कमी बोलणं आणि तिचं सपाट पोट या तिन्ही विषयांवर घरात चर्चा होऊन गेली होती. बांधा तेवढा राहिला होता, तो आज निघाला, असं मनाशी म्हणत तिनं पायानं दार लोटलं.

"आलीस?" वेलिकाबाई म्हणाल्या. "हळू ठेव, पोरी. फरशी आत्ताच पुसलीय."

सासरे स्तामेन खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. फेब्रुवारीत डॅन्यूब नदीवरचं धुकं एकदा रुसे गावात शिरलं, की नको असलेल्या पाहुण्यासारखं तीन-तीन दिवस हलत नाही.

रालित्सानं घमेलं शेगडीजवळ टेकवलं आणि एकेक कागद दोरीवर टांगायला घेतला. बांध्याचं काही नव्हतं. पण 'तोच' म्हणजे कुणाचा, एवढं मात्र कागदाच्या मागच्या खळीसारखं तिच्या डोक्याला चिकटून राहिलं.

२

गावात माणूस गेलं की शोकपत्रक निघतं. काळी चौकट, वर क्रूस, मधोमध फोटो, नाव, वय, खाली दोन ओळी. ते दारावर लागतं, फाटकापाशी लागतं, बसथांब्यावर लागतं. चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, वर्षानं नवं, आणि मग लोक थकेपर्यंत दर वर्षी. जुनं कुणी काढत नाही. नवं शेजारी लागतं आणि जुनं पावसात आपोआप गळतं.

ते गळायच्या आत स्तामेन सोडवून आणत. अडतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या मोजणी खात्यात जुन्या इमारतींचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर त्याच इमारती ते पुन्हा काढू लागले, फक्त आता शोकपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. सकाळी खिशात पत्र्याची पातळ पट्टी घालून निघायचे, दुपारपर्यंत पाच-सहा पत्रकं घेऊन यायचे. ती कोमट पाण्यात भिजवायची, खळ बोटानं सोडवायची, शेगडीवरच्या दोरीला चिमट्यांनी लावायची, आणि अर्धवट वाळली की वर फडकं घालून इस्त्री फिरवायची. हे काम वर्षानुवर्षं वेलिकाबाईंचं होतं. या हिवाळ्यात त्यांचा खांदा धरला. इतर घरांत सासूकडून सुनेकडे सोनं येतं. रालित्साकडे इस्त्री आली.

"माझे बाबा गावातल्या मेलेल्यांना आख्ख्या इमारती वाटतात," तिचा नवरा तिखोमिर म्हणायचा. तो पुलावरच्या जकात नाक्यावर पाळीनं कामाला होता. "आणि पोटच्या पोराला लग्नानंतर एक खोली."

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. स्तामेननी चित्र काढून ठेवलेला एक कागद नीट सपाट राहिलाय का हे बघायला तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. मागे मोठ्या रस्त्यावरचं कोपऱ्यातलं घर काढलेलं होतं: उडालेला गिलावा, त्यातून दिसणाऱ्या विटा, खिडक्यांवरच्या चुन्याच्या बायका आणि त्यांची तुटलेली नाकं. पुढच्या बाजूला एकाहत्तर वर्षांचे एक दातांचे डॉक्टर. उजेडात दोन्ही बाजू एक झाल्या, आणि डॉक्टरांचा चेहरा बरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या खिडकीत आला. तिनं दुसरा कागद धरला. तिथं एक शिक्षिका बाल्कनीच्या दारातून बघत होत्या. तिसऱ्यात एक म्हातारा पोटमाळ्याच्या गोल झरोक्यात.

तिनं स्तामेनना विचारलं. ते पेन्सिलीला टोक काढत होते.

"कोऱ्या कागदावर घर उभं राहत नाही," ते म्हणाले. "खाली कुणीतरी असावं लागतं."

"म्हणजे हे डॉक्टर त्या घरात राहायचे?"

"छे. तो मागच्या अंगणाकडे तोंड असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. जन्मभर म्हणायचा, एकदा रस्त्यावरची खिडकी मिळू दे." त्यांनी टोकावर फुंकर घातली. "दिली."

त्या दिवसापासून रालित्साला इस्त्री जड वाटेनाशी झाली. कुणाची तरी बिऱ्हाडं आपण नीटनेटकी करून देतोय, असं काहीसं तिला वाटे. हे ती कुणाला बोलली नाही. तशी ती फारसं काहीच बोलत नसे.

३

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी गठ्ठ्यात एक वेगळाच कागद आला. चौकट होती, क्रूस होता, पण आत काही नव्हतं. फोटो नाही, नाव नाही, दोन ओळी नाहीत. कागद हाताळून हाताळून कापडासारखा मऊ पडला होता.

तिनं उलटा केला. मागे त्यांचंच घर होतं.

ओळखायला वेळ लागला नाही. दारावरचा जबडा फुटलेला सिंह, गळका पन्हाळ, तळमजल्यावर त्सोन्का मावशीची जाळीचा पडदा लावलेली खिडकी, आणि सगळ्यात वर त्यांचा मजला. त्यांच्या मजल्याला पाच खिडक्या होत्या.

घराला चार आहेत. नाताळच्या आधी चारही खिडक्यांचे पडदे तिनं स्वतः धुतले होते. पाचवा असता तर विसरली नसती, तिची कंबर तरी विसरली नसती. तरी ती खाली गेली, रस्ता ओलांडला आणि मान वर करून मोजलं. स्वयंपाकघर, सासू-सासऱ्यांची खोली, बैठकीची खोली, मग थोडी नुसती भिंत, आणि शेवटी तिची आणि तिखोमिरची खोली. चार. चित्रातली जास्तीची खिडकी त्या नुसत्या भिंतीवर होती. म्हणजे आतून धरलं तर तिच्या कपाटामागे.

जो माणूस चुन्याच्या वेलीवरची द्राक्षं मोजून काढतो, तो एक आख्खी खिडकी चुकतो, हे काही तिला पटेना.

वर येऊन तिनं कागद उजेडात धरला. त्या खिडकीपाशी कागद इतका झिजला होता की उजेड पिवळट होऊन आरपार येत होता. पलीकडे कुणी नव्हतं. नुसती चौकट.

स्तामेन मागून आले आणि त्यांनी कागद तिच्या हातातून काढून घेतला. त्यांना इतक्या चटकन हलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"हा चुकून गेला गठ्ठ्यात."

"बाबा, यात एक खिडकी जास्त आहे."

"माहीत आहे."

"मग काढलीत कशाला?"

ते खिसे चाचपत होते. खोडरबर मिळाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी काढत नाही," ते म्हणाले. "मी फक्त खोडतो."

४

म्हातारपणी माणसं असं काहीबाही बोलतात. रालित्साची आजीसुद्धा शेवटी शेवटी कोंबड्यांना नावानं हाका मारून घरातल्या बातम्या सांगायची. त्यात घाबरण्यासारखं काय?

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा कपाटामागे खिडकीची कडी वाजली.

आवाज साधा होता. जुन्या खिडकीची लोखंडी कडी कुणी वर उचलतं, ती अर्ध्यावर अडते, पुन्हा खाली पडते. तिनं आपल्या खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती, कडीवर तिनंच वाळत टाकलेला मोजा होता. आवाज पुन्हा आला. उचलणं, अडणं, पडणं. घाई नव्हती त्यात. सवयीचं काहीतरी रोजच्यासारखं करून बघावं तसा तो आवाज होता.

पाइप असतील, तिनं ठरवलं. जुनी घरं शेगडी तापली की कुरकुरतातच. कबुतरंही असतील. पाइप आणि कबुतरं, दोन्ही धरून चालू. एकाला दुसरं राखीव असलेलं बरं.

गुरुवारी त्याच वेळी तो आला. या वेळी ती उठली आणि खांदा लावून कपाट वीतभर सरकवलं.

मागचा भिंतकागद फिकट निळा होता आणि कोरडा होता. फक्त एका जागी, खिडकीएवढ्या उभ्या चौकोनात, तो ओला होता. ओल भिंतीला आलेली नव्हती. थंडीत काचेवर वाफ धरते तशी ती कागदाच्या वर बारीक दवासारखी बसली होती. चौकोनाच्या कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या.

तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. कारण चौकोनाच्या मधोमध, साधारण तिच्याच डोळ्यांच्या उंचीवर, वाफ पुसली जाऊ लागली होती. गोल गोल, तळहाताएवढी. तिनं हात लावला नव्हता.

तिनं कपाट परत भिंतीला लावलं. त्यातले हँगर कितीतरी वेळ एकमेकांवर आपटत राहिले, आणि ते थांबेपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

५

तिखोमिर सकाळची पाळी करून आला, तेव्हा तिनं त्याच्यापुढे घेवड्याच्या सूपचा वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"आपली खोली आधी कुणाची होती?"

"बिल्यानाची. सांगितलं होतं की मी."

बिल्याना त्याची थोरली बहीण. ती स्पेनमध्ये असते, एवढं रालित्साला ठाऊक होतं. लग्नात तिच्या नावाची खुर्ची होती, ताट वाढलेलं होतं, आणि विमान मिळालं नाही असं वेलिकाबाई प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होत्या.

"तिचा फोन का नाही येत कधी?"

तिखोमिर पाव मोडत राहिला. मोडून मोडून त्याचा चुरा झाला.

"अकरा वर्षं होतील शनिवारी," तो म्हणाला. "दोन मार्च. दुपारी चारला घरातून गेली. जुन्या धक्क्याजवळ तिचा हिरवा कोट सापडला, नीट घडी घातलेला. पोलीस म्हणाले, नदी मोठी आहे, पलीकडे दुसरा देश, खाली समुद्र, सापडेल तर सापडेल. आई कोट घेऊन घरी आली आणि म्हणाली, पोरगी स्पेनला गेली स्ट्रॉबेरी तोडायला. गावातल्या निम्म्या पोरी गेल्यात. कोट कशाला न्यायचा, तिकडे उकडतं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी एकोणीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, हो, तिकडे उकडतं."

सूप निवत चाललं होतं. रालित्सानं ते उगाच त्याच्याकडे सरकवलं.

"तो कोरा कागद?"

"बघितलास तू?" त्यानं मान खाली घातली. "बाबा गेले होते छापखान्यात. चौकट लावून झाली, क्रूस लावून झाला, मग छापणाऱ्यानं विचारलं, नाव काय घालू? बाबांच्या तोंडून ते निघेना. तेवढंच घेऊन परत आले. पत्रक लागलं नाही, प्रार्थना झाली नाही. म्हणजे ती गेली असं आम्ही अजून कुणी म्हटलेलंच नाही." चुरा तळहातावर गोळा करत तो म्हणाला, "आईला यातलं काही विचारू नकोस, रालि. ती आत्ता कुठे जेवायला लागलीय."

"तुला आवाज येतो का? कपाटामागून?"

तो पटकन उठला, वाडगा उचलला आणि नळाखाली धरला.

"पाइप आहेत," पाठमोराच तो म्हणाला. "जुनं घर आहे."

६

शुक्रवारी एक मार्च. त्या दिवशी सगळा गाव एकमेकांच्या छातीवर लाल-पांढऱ्या दोऱ्याचे गोंडे लावतो, वसंत नीट यावा म्हणून. वेलिकाबाईंनी सकाळीच स्तामेन आणि तिखोमिरला गोंडे लावले. रालित्साचा तेवढा हातातच ठेवला.

"तुझा कोटावर लावते," त्या म्हणाल्या, आणि आतून एक हिरवा कोट घेऊन आल्या.

त्याला लव्हेंडरचा आणि पेटीचा वास होता. रालित्सानं तो घातला. खांदे बसले, बाह्या बसल्या, कंबर बसली. वेलिकाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि तिच्याकडे अशा बघू लागल्या, की त्यांना नाही म्हणायचं धाडस कुणालाही झालं नसतं. मग पुढे येऊन त्यांनी गोंडा कोटाच्या छातीवर लावला.

"स्तामेन आपलं घर काढतोय. प्रमाणाला एखादं माणूस हवं. समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी राहतेस? घराकडे पाठ कर, म्हणजे तुलाही संकोच नको."

'बांधा तोच आहे.' रालित्साला आता सगळं कळलं. कळूनही ती खाली गेली. म्हाताऱ्या बाईचा एका दुपारचा आनंद, आपलं काय जातंय, असं तिनं स्वतःला समजावलं.

धुकं उतरलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिच्यासमोर बंद दुकानाची काळोखी काच होती आणि मागे घर. तिनं थंडीनं हात खिशात घातले. उजव्या खिशात दोऱ्यांचा पुंजका लागला. बाहेर काढून पाहिला तर लाल-पांढरे गोंडे, एकात एक गुंतलेले. काही ताजे, काही विटून गुलाबी पडलेले. दहा होते. दर वर्षीचा एक.

"बिल्याना?" मागून तळमजल्यावरून त्सोन्का मावशीचा आवाज आला. "अगं बाई. स्पेनहून कधी उगवलीस तू?"

रालित्सानं वळायला हवं होतं. मी आहे, मावशी, सून, असं म्हणायला हवं होतं. पण तिच्या आधी वरून वेलिकाबाई बोलल्या, अकरा वर्षांत कुणी ऐकला नसेल अशा मोकळ्या आवाजात.

"कालच आली, त्सोन्का. दमलीय बिचारी. उद्या भेटवते."

"वाळलीय हो. खायला घाल तिला."

"घालते ना. माझ्या हातचंच खाईल आता."

आणि रालित्साला वाटलं, आपण या कोटात आहोत खरं, पण हळूहळू कमी होतोय.

तेव्हा कडी वाजली. उचलली गेली, आणि या वेळी अडली नाही.

समोरच्या दुकानाच्या काचेत तिला आपलं घर दिसत होतं. तिनं वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या. मग परत मोजल्या. काच जुनी होती, लाटा पडलेली. अशा काचेत एकाच्या दोन गोष्टी दिसतात. म्हणून ती वळली.

पाचव्या खिडकीची काच वाफेनं पांढरी झाली होती. आतून एक तळहात ती पुसत होता, गोल गोल. पुसलेल्या जागेत कुणीतरी आलं. चेहरा नीट दिसेना; ओले केस दिसले, कपाळाला चिकटलेले. ती रालित्साकडे बघतच नव्हती. ती कोटाकडे बघत होती. आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर पाहून माणूस बघतं तशी, रागानं नव्हे, नुसती ओळखून.

मग तिनं हनुवटी एकदाच वर उडवली. इथं लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे 'नाही' असंच म्हणतात.

धुक्याचा एक लोट मधे आला. तो गेला तेव्हा खिडक्या चार होत्या, आणि तिसऱ्या खिडकीतून वेलिकाबाई हात हलवून म्हणत होत्या, "अजून थोडा वेळ, पोरी. चित्र होत आलंय."

७

वर आल्यावर तिनं पहिल्यांदा कोट काढला. मग स्तामेनच्या टेबलापाशी गेली. ते हात धुवायला गेले होते. मऊ पडलेला तो कागद टेबलावर होता, आणि घरासमोरच्या फुटपाथवर आता एक आकृती आली होती. पाठमोरी, खिशात हात घातलेली. सुंदर काढली होती. कोटाच्या पाठीवरची शिवणसुद्धा होती.

तिनं कागद उचलून खिडकीशी धरला.

पाचवी खिडकी सकाळीच खोडलेली असणार. खोडरबराचा चुरा अजून कागदावर होता. तरी तिथला उजेड रिकामा नव्हता. पलीकडच्या चौकटीत, जिथं फोटो हवा होता तिथं, राखाडी असं काहीतरी धरलं होतं. खांद्यांची रेघ. गळ्याशी कॉलर. केस, आणि केसांत डावीकडे पाडलेला भांग.

बिल्यानाचा भांग कुठं असायचा, हे रालित्साला माहीत नव्हतं. स्वतःचा डावीकडे असतो, हे माहीत होतं.

संध्याकाळ होत आलीय, तिनं स्वतःशी हळू म्हटलं. पुढे काच आहे, मागे दिवा लागलाय, काचेत आपलंच प्रतिबिंब पडलंय. साधी गोष्ट आहे. खात्री करायला तिनं मान उजवीकडे कलती केली.

कागदातली मान कलली नाही.

"काय बघतेस?" दारातून वेलिकाबाईंनी विचारलं.

"वाळलाय का ते बघतेय," रालित्सा म्हणाली आणि कागद खाली ठेवला.

त्या रात्री ती जागी नव्हती आणि झोपलेलीही नव्हती. एकच विचार डोक्यात घोळत होता. या घरात एक जागा अकरा वर्षं रिकामी आहे. जिची आहे तिला ती देत नाहीत. मग ती जागा जो कुणी उभा राहील त्याला घेईल. जागेला त्याच्याशी काय? ती उद्याच पहिल्या बसनं माहेरी जाऊ शकत होती. पण तिला तो पुसणारा तळहात आठवत होता, आणि ती हनुवटी. तिला हुसकून लावलेलं नव्हतं. तिला नुसतं सांगितलं होतं, की हे तुझं नाही.

८

शनिवारी पितरांचा दिवस होता. वेलिकाबाईंनी पहाटेच गहू शिजवले, त्यावर साखर पसरली आणि दफनभूमीत वाटायला कागदी पेले भरले. पाद्रीबाबा प्रार्थनेत ज्यांची नावं वाचणार ती त्या एका चिठ्ठीवर लिहीत होत्या. आपले आईवडील. सासूसासरे. भाऊ. पाच नावं झाली. पेनाचं टोक सहाव्या ओळीवर थोडं टेकलं, मग त्यांनी टोपण लावलं.

तिखोमिर नुकताच रात्रपाळी करून आला होता, बूट न काढता स्टुलावर बसला होता. स्तामेन सुरीनं पेन्सिल तासत होते. तिला टोक होतंच.

"चला, उशीर नको," वेलिकाबाई म्हणाल्या, आणि हिरवा कोट रालित्सापुढे धरला. "त्सोन्का फाटकापाशी थांबणार आहे. तू काही बोलू नकोस. रुमाल बांध, घसा बसलाय म्हणू."

"आई, राहू दे ना," तिखोमिर पुटपुटला.

"काय राहू दे? एक सकाळ तर आहे."

"आणि रालित्सा कुठं आहे, असं मावशींनी विचारलं तर?" रालित्सानं विचारलं.

वेलिकाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. तेच सगळ्यात वाईट होतं. "माहेरी गेलीय म्हणू. नव्या सुना जातातच."

शेगडीत लाकूड चरचरलं. आणि मग आतून, कपाटामागून, कडी वाजली. चार वाजायला पुष्कळ वेळ होता. उचलली, अडली, पडली.

रालित्सानं पाइपाचा विचार केला नाही. तिनं तिघांकडे पाहिलं. स्तामेनची सुरी थांबली. तिखोमिरनं डोळे मिटले. वेलिकाबाईंनी हातातला कोट छातीशी असा घट्ट धरला, की जणू आत कुणीतरी आहे. तिघांपैकी एकानंही मान वळवली नाही, कसला आवाज म्हणून विचारलं नाही. तिला कळलं, की ही तिन्ही माणसं हा आवाज अकरा वर्षं ऐकताहेत. एकाच छपराखाली, एकमेकांपासून लपवून.

ती उठली. स्तामेनच्या टेबलावरून तो कागद आणला आणि गव्हाच्या पेल्यांमध्ये जागा करून, काळी चौकट वर येईल असा ठेवला. मग वेलिकाबाईंच्या हातातून कोट हळूच सोडवला. त्यांनी सोडला नसता. पण रालित्सानं ओढला नाही, नुसता धरून राहिली, आणि शेवटी बोटं आपणच सैल झाली. तिनं कोटाची टेबलावर नीट घडी घातली, बाह्या आत. कालचा गोंडा काढून इतर दहांबरोबर खिशात ठेवला.

वेलिकाबाईंची हनुवटी वर जायला लागली. नाही. अर्ध्यावर येऊन ती तिथंच कापत राहिली.

चार महिन्यांत त्या घरात रालित्सानं आपणहून फारसं कधी काही मागितलं नव्हतं. आता तिनं मागितलं, आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आई, बिल्यानाचा एखादा फोटो द्या. समोरून काढलेला. कागद मी इस्त्री करते."